स्टॅनफर्डच्या संघांना 'कार्डिनल' का म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संघ आज एका रंगाच्या नावाने खेळतात. मधली चाळीसेक वर्षं त्यांना 'इंडियन्स' म्हणत. मैदानावर मात्र एक झाड नाचत असतं आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या लढतीची ट्रॉफी म्हणजे एक कुऱ्हाड आहे. या चार गोष्टींची सांगड घालताना नवख्या प्रेक्षकाचाच नव्हे, वार्ताहरांचाही गोंधळ उडतो. प्रत्येक नाव कधी आलं आणि ते कोणी ठरवलं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की बराचसा गुंता सुटतो. म्हणून खाली शक्य तिथे तारखा आणि निर्णय घेणारे, दोन्ही दिले आहेत.

संघाचं अधिकृत नाव नेमकं काय आहे?

स्टॅनफर्ड कार्डिनल. एकवचनी. फुटबॉल, जलतरण, टेनिस, बास्केटबॉल, पुरुष, महिला, सगळ्यांना हेच नाव. अधिकृत शुभंकर नाही.

कार्डिनल म्हणजे तो लाल पक्षी, की चर्चमधले लाल झग्यातले धर्मगुरू?

दोन्ही नाही. इथे कार्डिनल म्हणजे फक्त रंग, काळसर झाक असलेला गडद लाल. विद्यापीठ आज जी छटा वापरतं तिचं आरजीबी मूल्य (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण) १४०, २१, २१ आहे. शेंदरी किंवा भडक लाल रंगात छापलेला स्टॅनफर्डचा झेंडा पाहिलात, तर छपाईत गफलत झाली आहे असं समजा.

हा रंग निवडला कोणी?

विद्यार्थ्यांनी. विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९१ रोजी सुरू झालं. विद्यार्थ्यांच्या पहिल्या सभेत आधी सोनेरी रंगाला कौल मिळाला होता. मग पुन्हा मतदान झालं आणि कार्डिनल रंग ठरला. सोनेरी रंग टिकला असता तर पंचाईतच होती, कारण खाडीपलीकडच्या बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रंग निळा आणि सोनेरी आहेत, आणि तेच स्टॅनफर्डचे जन्माचे प्रतिस्पर्धी.

१९ मार्च १८९२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हाइट स्ट्रीटच्या मैदानावर या दोघांचा पहिला फुटबॉल सामना झाला. हीच पुढे 'बिग गेम' म्हणून ओळखली गेलेली लढत. स्टॅनफर्डने ती १४-१० अशी जिंकली. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांचा आशय असा होता की कार्डिनलने निळ्या-सोनेरीवर मात केली. वार्ताहरांनी संघाऐवजी रंगाचं नाव वापरलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. म्हणजे रंग विद्यार्थ्यांनी निवडला, पण त्या रंगाचं संघनाव केलं ते वर्तमानपत्रांनी. पांढरा हा दुसरा रंग बराच उशिरा, १९४० च्या दशकात जोडला गेला.

काही ठिकाणी 'कार्डिनल्स' असं अनेकवचन दिसतं. ती चूक आहे का?

मजकूर कोणत्या वर्षाचा आहे ते पाहा. १९७२ ते १७ नोव्हेंबर १९८१ या काळात 'कार्डिनल्स' हेच अधिकृत नाव होतं. त्या वर्षांतल्या बातमीत ते बरोबर आहे. त्यानंतरच्या मजकुरात चूक.

ही चूक पुन्हा पुन्हा का होते, याला कारण आहे. अमेरिकेत कार्डिनल्स नावाचे संघ भरपूर आहेत आणि बहुतेकांच्या टोपीवर पक्षी असतो. त्यातही एक गंमत पाहण्यासारखी आहे. बेसबॉलमधला सेंट लुइस कार्डिनल्स हा संघ १८९९ मध्ये 'परफेक्टोज' होता आणि १९०० मध्ये त्याला मिळालेलं नाव गणवेशावरच्या लाल रंगावरून आलं. आज ॲरिझोनात असलेला व्यावसायिक फुटबॉलचा कार्डिनल्स मूळचा शिकागोचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जुन्या जर्सी विकत घेतल्या होत्या. त्यांचा मरून रंग विटून जी छटा उरली, तिच्यावरून १९०१ मध्ये ते नाव पडलं. दोन्हीकडे सुरुवात रंगाने झाली आणि पक्षी मागाहून येऊन बसला. अनेकवचन केलं की वाचणाऱ्याला पक्ष्यांचा थवा आठवणारच. स्टॅनफर्डने १९८१ मध्ये एकवचनाचा आग्रह धरला, त्याचं महत्त्व या दोन उदाहरणांवरून कळतं.

२०२४ पासून स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं आणि लुइव्हिल विद्यापीठही त्याच गटात आहे. लुइव्हिलचा संघ 'कार्डिनल्स', आणि तो खराखुरा पक्षी आहे, केंटकीचा राज्यपक्षी. गुणतक्ता वाचताना एका अक्षराकडे नीट लक्ष द्यावं लागतं.

'इंडियन्स' हे नाव कधी आलं?

२५ नोव्हेंबर १९३० रोजी विद्यार्थी संघटनेच्या कार्यकारी समितीने एकमताने ठराव करून 'इंडियन' हे प्रतीक अधिकृत केलं. ठरावाच्या शब्दरचनेतच मान्य केलेलं आहे की हे प्रतीक त्याआधी बराच काळ अनधिकृतपणे चालत आलं होतं. त्यामुळे '१९३० मध्ये नाव सुचलं' असं लिहिणं बरोबर नाही. १९३० मध्ये त्याच्यावर शिक्कामोर्तब झालं, एवढंच.

उगमाबद्दल एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. १९२४ ते १९३२ या काळात ग्लेन 'पॉप' वॉर्नर हे स्टॅनफर्डचे फुटबॉल प्रशिक्षक होते आणि त्याआधी त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या गाजलेल्या संघांना शिकवलं होतं. हा योगायोग नजरेत भरणारा आहे आणि नाव रुळायला त्याची मदत झाली असणं शक्य आहे. पण वॉर्नर यांनी नाव दिलं, असं छातीठोकपणे सांगू नये. ठराव विद्यार्थ्यांचा होता.

हे 'इंडियन' म्हणजे आपण भारतीय नव्हे ना?

नव्हे. अमेरिकेतले मूळ रहिवासी, ज्यांना आता नेटिव्ह अमेरिकन म्हणतात.

मग ते नाव का काढलं?

कारण ज्यांच्या नावाने खेळ चालला होता ते लोक स्वतः विद्यार्थी म्हणून कॅम्पसवर आले आणि बोलले. १९७० च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थ्यांची संख्या पहिल्यांदाच दखल घेण्याइतकी झाली आणि त्यांची संघटना उभी राहिली. नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांच्यातल्या काहींनी विद्यार्थी विभागाच्या प्रभारी अधिष्ठात्यांकडे निवेदन दिलं. ते सामन्यांत 'प्रिन्स लाइटफूट' या नावाने होणाऱ्या प्रत्यक्ष नाचाविरुद्ध होतं. धार्मिक विधींची ही टिंगल आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

फेब्रुवारी १९७२ मध्ये मागणी पुढे गेली. ५५ नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी सह्या केलेलं निवेदन विद्यापीठाच्या तक्रार निवारण अधिकारी लोइस ॲमस्टरडॅम यांच्याकडे गेलं आणि त्यांनी ते अध्यक्ष रिचर्ड लायमन यांच्यापर्यंत पोचवलं. या वेळी मागणी सगळं प्रतीकच बंद करण्याची होती. त्या प्रतीकाचं सगळ्यात परिचित रूप म्हणजे मोठ्या नाकाचा बुटका माणूस, एक व्यंगचित्र. निवेदनाचं म्हणणं थोडक्यात असं, की एका जिवंत समाजाचं रूप ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे, प्रेक्षकांचा नाही. विद्यार्थी सिनेटने १८ विरुद्ध ४ मतांनी प्रतीक सोडायचा ठराव केला आणि लायमन यांनी ते कायमचं बंद केलं.

यात क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'प्रशासनाने वरून लादलं' असं माजी विद्यार्थ्यांमध्ये अजून ऐकू येतं. प्रत्यक्षात निवेदन विद्यार्थ्यांचं, ठराव विद्यार्थी सिनेटचा, आणि शेवटची सही अध्यक्षांची. १९३० चा ठराव ज्या विद्यार्थी संघटनेने केला होता, तिच्याच प्रतिनिधींनी ४२ वर्षांनी तो मागे घेतला.

नाचणारे 'प्रिन्स लाइटफूट' स्वतः नेटिव्ह अमेरिकन होते ना?

हो. टिम विल्यम्स हे उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक जमातीचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७२ पर्यंत ते स्टॅनफर्डच्या सामन्यांत नाचत. त्यांची बाजू विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी होती, आणि एकाच समाजातल्या दोन पिढ्यांचा हा मतभेद खरा होता. तो झाकायचं कारण नाही. पण आक्षेप व्यक्तीवर नव्हता. डोक्यावरचा पिसांचा मोठा मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, नाचणारे क्लॅमथ नदीकाठचे युरोक, आणि जागा फुटबॉलचं मध्यंतर. अशी सरमिसळ झाली की प्रेक्षकाला कुठलीच जमात दिसत नाही, दिसतो तो सिनेमातला 'इंडियन'. विद्यार्थ्यांना नको होतं ते हेच.

याच विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्ड पाववाव सुरू केला. दरवर्षी मे महिन्यात, मातृदिनाच्या आठवड्याअखेरीस होणाऱ्या या मेळाव्यात देशभरातल्या जमाती आपापले नाच आपापल्या पद्धतीने सादर करतात. स्टॅनफर्डचा आणि नेटिव्ह अमेरिकन समाजाचा संबंध पाहायचा असेल तर तो तिथे पाहावा.

ट्रॉफीची कुऱ्हाड ही 'इंडियन'ची परशू का?

नाही, आणि हे तारखांवरूनच सिद्ध होतं. कुऱ्हाड १८९९ ची आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये बेसबॉल सामन्याच्या आधीच्या जल्लोषात स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी तिने बर्कलीच्या पुतळ्याचं मुंडकं उडवलं. कुऱ्हाड घालण्याची आरोळी त्यांच्या घोषणांमध्ये होतीच. १५ एप्रिलच्या सामन्यानंतर बर्कलीच्या पोरांनी कुऱ्हाड पळवली आणि ३१ वर्षं दाबून ठेवली. ३ एप्रिल १९३० रोजी स्टॅनफर्डच्या २१ विद्यार्थ्यांच्या टोळीने ती परत आणली. १९३३ पासून ती बिग गेमच्या विजेत्याला मिळते.

म्हणजे कुऱ्हाड परत आली एप्रिल १९३० मध्ये आणि 'इंडियन' अधिकृत झाला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. दोन्ही घटना इतक्या जवळ आल्या की नंतरच्या पिढ्यांनी त्यांची गाठ मारली. ती लाकूडतोड्याची कुऱ्हाड आहे.

१९७२ नंतर कोणकोणती नावं सुचवली गेली?

१९७५ मध्ये जुनं प्रतीक परत आणायची खटपट झाली आणि विषय मतदानाला गेला. सोबत इतर पर्यायही होते: रॉबर बॅरन्स, सेक्वोया, ट्रीज, कार्डिनल्स, रेलरोडर्स, स्पाइक्स, हन्स (हूण). एकही नवं नाव अधिकृत झालं नाही, 'इंडियन'ही परत आला नाही.

यातली तीन नावं संस्थापक लीलंड स्टॅनफर्ड यांच्याशी जोडलेली आहेत. ते सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष होते आणि १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमॉन्टरी इथे पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जुळला तेव्हा सोन्याचा खिळा त्यांच्या हस्ते बसवला गेला. म्हणून रेलरोडर्स, म्हणून स्पाइक्स. 'रॉबर बॅरन्स' हा त्या काळच्या रेल्वेसम्राटांना लोकांनी दिलेला शिवीवजा किताब. संस्थापकालाच लुटारू म्हणायची ही विद्यार्थ्यांची चपराक होती आणि प्रशासन ती कपड्यांवर छापणार नव्हतंच.

१९७८ मध्ये १८ संघांतल्या २२५ खेळाडूंनी 'ग्रिफिन'साठी अर्ज केला. धड सिंहाचं, डोकं आणि पंख गरुडाचे, असा हा पुराणातला प्राणी. ग्रिफिनचे दोन पुतळे बालरुग्णालयाच्या आवारातून उचलून क्रीडा विभागाजवळच्या हिरवळीवर आणूनही ठेवले. तरी नाव लागलं नाही.

१९८१ मध्ये काय ठरलं?

अध्यक्ष डॉनल्ड केनेडी यांनी जाहीर केलं की यापुढे सगळे संघ केवळ कार्डिनल या रंगाने ओळखले जातील. इतर सूचना आल्या आणि विरून गेल्या, रंगाने मात्र ९० वर्षं साथ दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३० आणि १९७२ सारखा विद्यार्थ्यांचा ठराव इथे नव्हता, निर्णय सरळ अध्यक्षांनी जाहीर केला.

आणि ते झाड? ते शुभंकर नाही का?

ते बँडचं आहे, विद्यापीठाचं नाही. लीलंड स्टॅनफर्ड ज्युनियर युनिव्हर्सिटी मार्चिंग बँड ही विद्यार्थ्यांनी चालवलेली, शिस्तीच्या कवायतीऐवजी धावपळ करत रचना बदलणारी मंडळी. 'इंडियन' गेल्यावर रिकाम्या जागेसाठी जी चर्चा चालू होती, तिची खिल्ली उडवायला १९७५ मध्ये या बँडने मध्यंतरांत एकेक 'उमेदवार' सादर केला. वाफाळणारं मॅनहोल होतं, फ्रेंच फ्राय होता, आणि झाड होतं. पहिले दोन विस्मरणात गेले. झाड लोकांना आवडलं, कारण त्याला खरा आधार होता.

तो आधार म्हणजे 'एल पालो आल्तो', सॅन फ्रान्सिस्कीतो ओढ्याकाठी रेल्वेपुलाला लागून उभा असलेला कोस्ट रेडवुड. वय हजार वर्षांहून जास्त, उंची सुमारे ३३ मीटर. १७६९ च्या नोव्हेंबरमध्ये गास्पार द पोर्तोला यांच्या स्पॅनिश मोहिमेने त्या परिसरात तळ दिला होता. पालो आल्तो शहराला नाव याच झाडावरून मिळालं. मूळचं हे जुळ्या खोडाचं झाड होतं. एक खोड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओढ्याच्या पुरात कोसळलं. शहराच्या आणि विद्यापीठाच्या मुद्रेवर हेच झाड आहे.

म्हणून जर्सीवरच्या ठळक 'एस' अक्षरावर झाड दिसलं तर तो एल पालो आल्तो समजावा. बँडच्या झाडाचा बाप तोच, पण ओळख स्वतंत्र.

झाडाचा पोशाख दरवर्षी वेगळा का असतो?

कारण दरवर्षी झाड होणारी व्यक्ती बदलते आणि नवं झाड आपला पोशाख स्वतः बनवतं. निवड बँड करतो, चाचण्या घेऊन. कारखान्यात शिवलेला एकच ठरीव पोशाख नाही. त्यामुळे कुणाचे डोळे बटाट्याएवढे, कुणाची जीभ बाहेर, कुणाचा शेंडा वाकडा. जुन्या छायाचित्राचं वर्ष ओळखायला याचा चांगला उपयोग होतो.

रंगावरून नाव असलेली इतर महाविद्यालयं आहेत का?

बरीच आहेत. हार्वर्डचा क्रिमझन १८५८ च्या नौकाशर्यतीत वल्हेकऱ्यांनी बांधलेल्या लाल रुमालांपर्यंत मागे जातो. कॉर्नेलचा बिग रेड आहे. सिरॅक्यूज २००४ पासून नुसतं 'ऑरेंज' आहे. डार्टमथने १९७४ मध्ये 'इंडियन' प्रतीक सोडलं आणि 'बिग ग्रीन' ठेवलं, म्हणजे स्टॅनफर्डच्याच वाटेने, दोन वर्षांनी.

बाकीच्यांना खूप वेळ लागला. मार्केट (Marquette) आणि सेंट जॉन्स ही विद्यापीठं १९९४ मध्ये बदलली, ओहायोतलं मायामी विद्यापीठ १९९७ मध्ये. महाविद्यालयीन क्रीडासंस्था एनसीएएने ऑगस्ट २००५ मध्ये अशा नावांवर अंकुश आणला. फ्लोरिडा स्टेटला 'सेमिनोल्स' ठेवता आलं, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने उघड संमती दिली. ज्यांच्या नावाने खेळायचं त्यांची परवानगी हवी, हा निकष आम्हाला योग्य वाटतो.

एखाद्या महाविद्यालयाच्या संघनावाचा उगम स्वतः कसा तपासावा?

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरची गोष्ट वाचा, पण तिथे थांबू नका. तिथला मजकूर बहुधा कुठल्यातरी वर्धापनाच्या वेळी लिहिलेला असतो आणि नंतर वर्षानुवर्षं तसाच उतरवला जातो. त्यातली प्रत्येक तारीख वेगळ्या कागदावर काढा आणि पुढे लिहा: ही पहिल्या वापराची, ठरावाची की बंद केल्याची? एकाच तारखेला तिन्ही कामं लावलेली आढळली तर तिथे पाणी मुरतंय.

मग विद्यार्थी वृत्तपत्र गाठा. स्टॅनफर्डचं 'डेली पालो आल्तो' १८९२ मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये 'स्टॅनफर्ड डेली' झालं. त्याचे जुने अंक ऑनलाइन शोधता येतात. सगळा काळ एकदम शोधू नका. पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडा आणि क्रीडापानापुरतं पाहा, नाहीतर 'कार्डिनल' या शब्दाला रोमच्या बातम्याही हाती लागतात. जुनी छपाई स्कॅन करताना अक्षरं चुकीची वाचली जातात, म्हणून शोधात काही आलं नाही याचा अर्थ शब्द तिथे नाही असा होत नाही. ठरावाच्या आधीच्या हंगामाचे अंक डोळ्यांनी चाळावे लागतात. मोठ्या सामन्यांनंतरचा दिवस आधी पाहा. टोपणनावं तिथेच जन्मतात. नोत्र दाम विद्यापीठाचं 'फायटिंग आयरिश' हेही आधी बातम्यांत रुळलं आणि १९२७ मध्ये अधिकृत झालं.

तिसरा थांबा विद्यार्थी परिषदेच्या आणि विश्वस्तांच्या कार्यवृत्तांचा. ती विद्यापीठाच्या अभिलेखागारात असतात. पत्र पाठवताना 'नावाचा इतिहास हवा' असं मोघम लिहिलंत तर माहितीपत्रक येतं. वर्ष, समिती आणि विषय लिहिलात तर मूळ पानाची प्रत मिळते.

वार्षिक अंकांवर मात्र फार विसंबू नका. चित्रांना तारखा नसतात आणि मुखपृष्ठावरचं प्रतीक म्हणजे अधिकृत प्रतीक असा अर्थ होत नाही.

मराठी बातमीत हे नाव कसं लिहावं?

पहिल्या उल्लेखात 'स्टॅनफर्ड कार्डिनल', नंतर नुसतं 'स्टॅनफर्ड' किंवा 'स्टॅनफर्डचा संघ'. क्रियापद एकवचनी. १९३० ते १९७२ च्या सामन्यांबद्दल लिहिताना 'तेव्हा इंडियन्स नावाने खेळणारा स्टॅनफर्डचा संघ' असं एकदा सांगून पुढे स्टॅनफर्डच म्हणावं. बातमीसोबत पक्ष्याचं चित्र लावू नका.